हाडाला सरस, दगडाला लाख

डिसेंबर १९३५ ते ऑगस्ट १९३६ या नऊ महिन्यांत ब्रुसेल्सच्या निसर्गविज्ञान संग्रहालयानं डायनासोरच्या हाडांना तब्बल ३९० किलो शेलॅक पाजलं. शेलॅक म्हणजे आपले सुतार फ्रेंच पॉलिशसाठी स्पिरिटात विरघळवतात ती चपडा लाख. त्या काळी जगातली बहुतेक लाख भारतातून जायची. पळस, बोर आणि कोशिंबाच्या फांद्यांवर बसलेल्या बारक्या किड्यांची ती कमाई. तेव्हा बेल्जियमच्या त्या अजस्र प्राण्यांच्या अंगात आपल्याकडचीच लाख मुरली असावी, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

डायनासोरला लाख कशाला लागते? जीवाश्म म्हटला की घट्ट, जडशीळ दगड डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कित्येक जीवाश्म बोट लावलं की भुरभुरतात. कित्येक खनिजंही खाणीतून बाहेर पडल्यावर काही दिवसांतच विरू लागतात. त्यांना जपायचं तर आत खोलवर काहीतरी चिकट मुरवावं लागतं. गेली दीडशे वर्षं माणसानं त्यासाठी काय काय वापरून पाहिलं, त्याची ही चविष्ट यादी.

तीनदा उपचार झालेले इग्वानोडॉन

१८७८ साली बेल्जियममधल्या बर्निसार्ट गावच्या कोळसा खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, कामगारांना हाडं लागली. ती निघाली इग्वानोडॉन या डायनासोरची. एक-दोन नव्हेत, तीसेक प्राणी! सगळे खूष झाले, पण हाडांमध्ये पायराइट भरलेलं होतं. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज. ओल्या, हवाबंद चिखलात ते कोट्यवधी वर्षं गप्प होतं. हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, लोहाचे क्षार आणि गंधकाम्ल तयार होतं, क्षार फुगतात आणि हाड आतून फुटतं.

लुई डी पॉव या कसबी माणसानं हे ओळखलं. खाणीतल्या खाणीत प्रत्येक हाड पुन्हा ओल्या चिखलात लपेटलं, वर कागद आणि प्लास्टर चढवलं, लोखंडी कड्यांनी आवळलं. असे सुमारे सहाशे ठोकळे झाले, मिळून १३० टन वजनाचे. ब्रुसेल्सला नेल्यावर हाडांत उकळतं जिलेटिन मुरवलं. ते सडू नये म्हणून त्यात लवंगेचं तेल घातलं! दिसेल तेवढं पायराइट कोरून काढलं, सुतारकामातला सरस पाजला, वर कथलाचा वर्ख चढवला आणि भेगा कागदाच्या लगद्यानं बुजवल्या. १८८२ मध्ये पहिला सांगाडा उभा राहिला.

मला डी पॉव यांच्याविषयी फार आदर वाटतो. पायराइटचा बंदोबस्त कसा करायचा हे सांगणारं पुस्तक तेव्हा नव्हतंच. पण त्या सरसानं आणि वर्खानं ओलही आत कोंडली गेली आणि हाडं आतल्या आत कुरतडत राहिली. म्हणून १९३० च्या दशकात दुसरा उपचार झाला: आत शिरण्यासाठी अल्कोहोल, बुरशी रोखण्यासाठी सोमल, घट्टपणासाठी लाख. त्या लाखेनं हाडं काळपट-तपकिरी झाली. मग २००३ ते मे २००७ या काळात तिसरी फेरी. आधी जुनी लाख, सरस, जिलेटिन काढलं, नंतर पॉलिव्हिनिल अॅसिटेट मुरवलं, तुटकी हाडं सायनोअॅक्रिलेट आणि इपॉक्सीनं जोडली. शेवटच्या पिढीला आधीच्या पिढ्यांनी भरलेलं काढत बसावं लागलं.

जंतुनाशकानं बरा न झालेला आजार

या पायराइटच्या दुखण्याला संग्रहालयांत ‘पायराइट डिसीज’ म्हणतात. आजार म्हटल्यावर जंतू शोधणं ओघानं आलं. बरीच वर्षं हे बॅक्टेरियाचं काम आहे अशी समजूत होती आणि जीवाश्म चक्क जंतुनाशकात बुडवले जात. पण त्या बॅक्टेरियांना जवळजवळ पाण्यानं चिंब हवा लागते, आणि संग्रहालयाचं कपाट तसं नसतं. खरा गुन्हेगार साधा आहे: प्राणवायू आणि दमटपणा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की हे दुखणं जोर धरतं. मुंबई-कोकणातला पावसाळा आठवा, आणि इंग्लंडहून हौसेनं आणलेला, पायराइटनं सोनेरी झालेला अमोनाइटचा शंखासारखा जीवाश्म उघड्या शोकेसमध्ये ठेवू नका.

वरून रेझिनचा, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट पदार्थाचा, थर दिला की काम झालं असं वाटतं, पण बाष्प आणि प्राणवायू त्या थरातून आत झिरपतातच. आधी अमोनियाच्या वाफेनं किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेट नावाच्या रसायनानं आम्ल मारायचं, मग सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात कोरडं ठेवायचं. रेझिनचा नंबर त्यानंतर.

आणि हा दगड मात्र कोरडेपणानं मरतो!

१७८५ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, उएलगोआच्या शिशाच्या खाणीत, जिले द लोमों यांना एक पांढरं खनिज मिळालं. त्यांच्याच नावानं ते पुढे लॉमोन्टाइट झालं. हे झिओलाइट कुळातलं. या कुळातल्या स्फटिकांच्या जाळीत पाण्याचे रेणू बसलेले असतात. बाकीची बरीच झिओलाइटं ते पाणी घट्ट धरून ठेवतात, लॉमोन्टाइट मात्र कोरड्या हवेत खोलीच्या तापमानालाच सोडू लागतं. स्फटिक आकसतो, चिरतो, आणि काही काळानं डबीत फक्त पांढरी पूड उरते.

आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये झिओलाइटांची रेलचेल आहे. पुणे, नाशिक, जळगावकडच्या दगडखाणी आणि विहिरींतून निघालेले स्टिलबाइट, ह्यूलँडाइट आणि त्यांच्या सोबतीचं अॅपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानानं बसलेत. लॉमोन्टाइटही याच दगडात सापडतं. ज्या दमट पावसाळ्यात पायराइटचं वाटोळं होतं, त्यात लॉमोन्टाइट सुखात असतं. दोघांना एका कपाटात ठेवलं तर एकाचं नुकसान ठरलेलं.

कोरड्या गावी लॉमोन्टाइट टिकवायचं तर दोनच वाटा. थोडी ओल राखलेल्या बंद डब्यात ठेवा, किंवा ते ताजं असतानाच पातळ रेझिन पाजा. पूड झाल्यावर पाजलेलं रेझिन पुडीचा ढेकूळ करतं, स्फटिक परत आणत नाही.

निसर्गानं मात्र या दगडाला आवरण घालून दाखवलंय, तेही मुंबईत! मालाड-कांदिवलीच्या जुन्या दगडखाणींतून प्रेनाइट नावाच्या फिकट हिरव्या खनिजाच्या बोटांसारख्या कांड्या निघत. लॉमोन्टाइटच्या लांबट स्फटिकांवर प्रेनाइटचा थर चढला, आतलं लॉमोन्टाइट नाहीसं झालं, आणि बाहेरचं कवच त्याचा आकार धरून राहिलं. जगभरचे संग्राहक या कांड्यांसाठी जीव टाकतात.

भातापासून सुरुवात

१८७६ साली एडवर्ड ड्रिंकर कोप आणि चार्ल्स स्टर्नबर्ग हे दोघे अमेरिकेच्या माँटाना भागात हाडं शोधत होते. हाडं सापडत होती, पण उचलली की तुकडे. जवळ शिध्याचा तांदूळ होता. त्यांनी तो शिजवून शिजवून दाट खळ केली, त्यात कापडाच्या पट्ट्या आणि पिठाच्या पिशव्या बुडवल्या आणि हाडांभोवती गुंडाळल्या. वाळल्यावर कडक कवच तयार! लवकरच तांदळाची जागा प्लास्टर ऑफ पॅरिस आणि गोणपाटानं घेतली, आणि आजही मोठं हाड उचलायचं तर हीच पद्धत.

संग्रहालयांचं लाडकं रेझिन मुळात शाईसाठी होतं

पॅरालॉइड बी-७२. जगातल्या कुठल्याही जतन-प्रयोगशाळेत शिरलात तर या नावाची बरणी दिसेलच. इथाइल मेथाक्रिलेट आणि मिथाइल अॅक्रिलेट यांचं हे संयुक्त प्लास्टिक. रोम अँड हास कंपनीनं ते छपाईची शाई आणि लेप यांसाठी बाजारात आणलं होतं. दिसायला साबुदाण्याएवढे पारदर्शक दाणे. ते अॅसिटोनमध्ये विरघळतात, तेच अॅसिटोन जे नेलपॉलिश काढायच्या बाटलीत असतं.

याच्या प्रेमात पडायचं पहिलं कारण म्हणजे त्याचं वय. पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट फेलर यांनी रेझिनं प्रकाशात किती टिकतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यांची प्रतवारी लावली. सर्वांत वरची प्रत शंभर वर्षांहून जास्त टिकणाऱ्यांची. बी-७२ त्या पंक्तीत बसतं. ते पिवळं पडत नाही, आणि वर्षांनंतरही अॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं.

दुसरं कारण, एकाच बरणीतून दोन कामं होतात. शंभर मिलिलिटर अॅसिटोनमध्ये दोन ते पाच ग्रॅम घातलं की आत मुरणारं पातळ पेय. पन्नासेक ग्रॅम घातलं की तुकडे जोडणारा घट्ट गोंद. भुसभुशीत हाड पातळ द्रावणात सोडलं की त्यातून बुडबुडे निघू लागतात. आतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी द्रावण शिरतं. बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहायची. ही वाट पाहण्याची मजा ज्यानं एकदा घेतली तो मग घाई करत नाही.

खरी परीक्षा वाळताना. अॅसिटोन भरभर उडालं तर ते आतल्या रेझिनलाही पृष्ठभागाकडे ओढून आणतं. मग हाड वरून चकचकीत आणि आतून पोकळच. म्हणून उपचार झालेला नमुना अॅसिटोनची वाफ कोंडलेल्या डब्यात ठेवून सावकाश वाळवतात. दमट दिवशी आणखी एक गंमत होते: अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रेझिन पांढरट, धुरकट दिसू लागतं. कोकणात हे काम जुलैत करू नये.

आणि विदर्भात मे महिन्यात? बी-७२ सुमारे ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातो. याच जिल्ह्यात पिसदुरा आहे, डायनासोर काळातल्या अवशेषांसाठी जगाला ठाऊक असलेलं गाव. तिथल्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म सिलिका कण सापडले आणि २००५ मध्ये गवताचा इतिहासच मागे सरकला. अशा ठिकाणी उन्हात जोडलेलं जड हाड सांध्यात हळूहळू खचू शकतं. म्हणून उष्ण मुलुखांत त्याच कुळातलं बी-४४ वापरतात, किंवा बी-७२ मध्ये मिसळतात. ते ६० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं.

या रेझिनचा एक उपयोग फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. संग्रहालयातल्या हाडावर किंवा दगडावर बारीक अक्षरांत क्रमांक लिहिलेला असतो ना? तो थेट दगडावर नसतो. आधी बी-७२ची एक छोटी पट्टी, त्यावर शाई, वर पुन्हा एक थर. क्रमांक बदलायचा झाला तर कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये भिजवायचा आणि पुसायचं. दगडाला शाईचा स्पर्शही होत नाही.

गाडीची काच आणि च्युइंगम

ब्यूटव्हार बी-७६ हे जीवाश्मवाल्यांचं दुसरं आवडतं रेझिन. हे पॉलिव्हिनिल ब्युटिरल. गाडीची पुढची काच फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत, कारण दोन काचांच्या मधल्या पापुद्र्यात याच कुळाचं प्लास्टिक असतं. पॉलिव्हिनिल अॅसिटेट तर घरोघरी आहे: पांढऱ्या सुतारी गोंदात ते, च्युइंगमच्या चिवट भागात ते आणि बर्निसार्टच्या हाडांतही तेच. मात्र घरातला पांढरा गोंद जीवाश्माला लावू नका. त्यात पाणी असतं, कालांतरानं तो पिवळा पडतो आणि काढणं जिकिरीचं होतं.

नाहीसं होणारं प्लास्टर

सायक्लोडोडेकेन हा मेणासारखा पदार्थ ६० अंशांच्या आसपास वितळतो. वितळवून नाजूक नमुन्यावर लावा, तो घट्ट होतो. नमुना सुरक्षित उचला, प्रयोगशाळेत न्या, आणि मग काही करू नका. काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो सगळा वाफ होऊन उडून जातो, मागे डागही न ठेवता. चीनमध्ये पहिल्या सम्राटाच्या समाधीपाशी, मातीचे सैनिक सापडले त्या परिसरात, नाजूक अवशेष उचलायला संशोधकांनी मेन्थॉल वापरलं. पुदिन्यातलं ते मेन्थॉल! तेही असंच स्वतःहून उडून जातं. तात्पुरता आधार आणि मग संपूर्ण माघार, या कल्पनेवर मी बेहद्द खूष आहे.

मजबुतीच्या नावाखाली लबाडी

१९१२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ‘पिल्टडाउन मानवा’ची घोषणा झाली: मानवाचा आदिपूर्वज इंग्लंडात सापडला! कवटीचे तुकडे आणणारे चार्ल्स डॉसन यांनी ते पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात बुडवले होते, कारण म्हणे त्यानं हाड कडक होतं. ते होत नाही. रंग मात्र छान जुनाट तपकिरी येतो. १९५३ मध्ये तपासणी झाली तेव्हा जबड्यातही क्रोमियम निघालं, आणि तो जबडा होता ओरांगउटानचा. कुठलं द्रावण, कशासाठी, असा साधा प्रश्न वेळेवर विचारला असता तर चाळीस वर्षांचा गोंधळ वाचला असता.

गोंद हाडाचं वय बदलतो

कार्बन-१४ नं वय काढायचं हाड गोंद पाजलेलं असेल तर पंचाईत. बी-७२ पेट्रोलियमपासून बनतं, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. नमुन्यातल्या कार्बनपैकी असा मेलेला कार्बन १ टक्का शिरला की वय सुमारे ८० वर्षांनी जास्त भरतं. सरसाचं उलटं. तो अलीकडच्या जनावरांपासून केलेला, कार्बन-१४ नं भरलेला. १७,००० वर्षं जुन्या नमुन्यात असा १ टक्का ताजा कार्बन मिसळला तर वय सुमारे ६०० वर्षांनी कमी दिसतं. म्हणून शहाणे संशोधक काहीही पाजण्याआधी हाडाचा एक तुकडा कोरा काढून ठेवतात.

जिथं रेझिनच दगड होतं

जर्मनीतल्या मेसेल खाणीतल्या दगडात सुमारे ४० टक्के पाणी असतं. वाळला की तो पत्र्यापत्र्यांनी सुटतो आणि त्यातला जीवाश्मही. उपाय धाडसी आहे. दगड ओला असतानाच जीवाश्माची एक बाजू साफ करायची, तिच्यावर इपॉक्सी ओतायचं, घट्ट झाल्यावर उलटवायचं आणि दुसरीकडून सगळा दगड खरवडून काढायचा. उरतं फक्त हाड, रेझिनच्या पाटीत बसलेलं. २००९ मध्ये गाजलेली ‘इडा’, म्हणजे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची डार्विनियस, अशीच जतन झाली. सांगाडा ९५ टक्के पूर्ण. तिच्या दोन पाट्या वेगवेगळ्या हातांत गेल्या, आणि त्यातल्या एकीत काही भाग नंतर बनवून घातलेले निघाले. रेझिन सांभाळतंही आणि लपवतंही.

लंडनच्या टूम्ब्स आणि रिक्सन यांनी १९५० मध्ये माशांच्या जीवाश्मांसाठी अशीच युक्ती मांडली होती: मासा प्लास्टिकमध्ये बसवायचा आणि चुनखडी सौम्य आम्लात विरघळू द्यायची. व्हिनेगरमधलं आम्ल त्यासाठी पुरतं.

अंबरची गोष्ट तर आणखी न्यारी. अंबर म्हणजे लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वीची झाडाची राळ. हवा आणि प्रकाशानं तीही तडकते. तेव्हा संग्रहालयं किडा अडकलेला अंबरचा तुकडा पारदर्शक इपॉक्सीत बसवतात. राळेतल्या किड्याला पुन्हा रेझिनची पेटी!

सराफाच्या दुकानात

बाजारातल्या बहुतेक फिरोजा खड्यांत रेझिन मुरवलेलं असतं, कारण कच्चा फिरोजा खडूसारखा मऊ आणि सच्छिद्र असतो. जेडमध्ये ‘बी’ वर्ग म्हणजे आम्लानं धुऊन प्लास्टिक भरलेला दगड. यात गैर काही नाही, पावतीवर तसं लिहिलेलं असेल तर. गिऱ्हाइकानं विचारायलाच हवं.

अजिंठ्यातही लाख

१९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून आलेल्या लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी यांच्याकडून अजिंठ्याच्या चित्रांचं जतन करून घेतलं. सुटणारा गिलावा त्यांनी बसवला, तो आजही उपकारक आहे. पण चित्रांवर शेलॅकचा थर दिला, आणि शेलॅक काळानुसार पिवळं-तपकिरी होऊन आकसतं. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते इंच-इंच पुसून काढावं लागलं. जुनी लाख ओळखायची खूण हवी असेल तर अतिनील दिवा लावा, ती नारिंगी चमकते. जीवाश्मांच्या बाजारात जोडकाम पकडायलाही हाच दिवा कामी येतो.

तुमच्या घरी भुरभुरणारा दगड असेल तर

आधी नुसती डबी बदलून पाहा. मऊ कागदाचा खळगा, घट्ट झाकण, उन्हापासून दूर: निम्म्या नमुन्यांना एवढं पुरतं. तरीही कण सुटत असतील तर खाली पडलेल्या तुकड्यावर आधी प्रयोग करा, कारण रेझिन मुरलं की रंग गडद होतो आणि काही दगडांची मखमली झळाळी जाते. बी-७२ दोन टक्क्यांपासून सुरू करा, ड्रॉपरनं थेंब-थेंब, थांबत-थांबत. फेविक्विकच्या मोहात पडू नका, त्या जातीचा गोंद पुन्हा सोडवणं कठीण. अॅसिटोन चटकन पेट घेतं, तेव्हा देवघरातली समई विझलेली असू द्या, खिडक्या उघडा, हातमोजे घाला. आणि डबीत एक चिठ्ठी टाका: कुठलं रेझिन, किती टक्के, कशात विरघळवलं, कुठल्या तारखेला. पेन्सिलीनं लिहा, शाई अॅसिटोनमध्ये पसरते.